सुरक्षा द्या, पण मांडणी लादू नका

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टचं विंडोज ८ बाजारात आलं आणि वर्षानुवर्षं संगणक वापरणाऱ्या माणसांवर तो बंद कसा करायचा हे दुसऱ्याला विचारायची वेळ आली. स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गेलं होतं. संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, कडेने एक पट्टी बाहेर यायची, तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर आणि मग शट डाउन. त्या कोपऱ्यात काही दडलं आहे याची कुठलीही खूण स्क्रीनवर नव्हती. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आल्यापासून जगभरच्या लोकांनी ‘काम सुरू करायचं ते इथून’ हे शिकून घेतलं होतं. सतरा वर्षांची ती शिकवण एका आवृत्तीत निकालात निघाली.

वर्षभराने, १७ ऑक्टोबर २०१३ ला, विंडोज ८.१ मध्ये बटण परत आलं. पण ते दाबल्यावर प्रोग्रॅमच्या यादीचा जुना मेनू उघडत नव्हता, विंडोज ८ मधले स्क्रीनभर पसरलेले रंगीत चौकोनच समोर यायचे. मेनू परत मिळायला जुलै २०१५ मध्ये विंडोज १० यावं लागलं. मधल्या काळात कुणी क्लासिक शेलसारखं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, कुणी स्टार्ट८ साठी पैसे मोजले. नवी सोय मिळावी म्हणून हा खटाटोप नव्हता. आधी हाताशी असलेलं परत मिळावं एवढ्यासाठी लोक पैसे देत होते.

ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, मांडणी हा मला सार्वजनिक प्रश्न वाटतो. बँकेचा कॅशियर, सेवा केंद्रातला ऑपरेटर, पुस्तकांची पानं लावणारा डीटीपीवाला, डीमॅट खातं बघणारे सेवानिवृत्त शिक्षक या सगळ्यांना एकाच खिडकीतून आत जावं लागतं आणि ती खिडकी कुठे असावी हे ठरवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत. म्हणून माझी मागणी अशी आहे: सुरक्षेचे अपडेट आणि मांडणीतले बदल एकमेकांपासून वेगळे करा, आणि जुनी मांडणी ठेवायची की नवी घ्यायची हे वापरणाऱ्याला ठरवू द्या.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. २०१० मध्ये आयपॅड आला आणि बोटाने चालणाऱ्या स्क्रीनपुढे टेबलावरचा संगणक मागे पडणार अशी भीती मायक्रोसॉफ्टला वाटली. ती भीती निराधार नव्हती. पण टॅब्लेटसाठी आखलेली मांडणी त्यांनी माउस-कीबोर्डवाल्यांवरही चढवली, आणि तिथेही न थांबता विंडोज सर्व्हर २०१२ वर नेली. सर्व्हर बहुतेक वेळा दुसऱ्याच खोलीत, दुसऱ्याच शहरात असतो. त्याच्यावर काम करणारा आपल्या स्क्रीनवरच्या एका छोट्या चौकटीत तो उघडतो. त्या चौकटीचा नेमका कोपरा माउसने गाठायचा म्हणजे पॉइंटर दरवेळी चौकटीबाहेर निसटणार. बोट लावायला जिथे स्क्रीनच नाही तिथे बोटांसाठीची मांडणी आली, यावरूनच कळतं की निर्णय घेताना समोर वापरणारा माणूस नव्हता, बाजाराचा नकाशा होता.

या बदलाच्या समर्थनार्थ आकडे दिले गेले होते. त्याआधीच्या विंडोज विस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटला आहे, लोक नेहमीचे प्रोग्रॅम स्क्रीनखालच्या पट्टीवर, म्हणजे टास्कबारवर, लावून ठेवतात, असं विंडोज ८ घडवणाऱ्यांनी २०११ मध्ये सांगितलं. आकडा चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण अशा आकड्यातून कळतं काय? क्लिक मोजता येतात. त्या क्लिकवर कुणाचं किती अडलेलं आहे हे मोजता येत नाही. एखाद्या पतसंस्थेतला कारकून महिन्याच्या शेवटी एकदाच स्टार्टमधून जुना पगाराचा प्रोग्रॅम उघडत असेल, तर आकडेवारीत त्याचं वजन शून्याच्या जवळपास आहे. त्या दिवशी मात्र अख्ख्या कार्यालयाचा पगार त्याच एका क्लिकवर उभा असतो. दुर्मीळ वापर म्हणजे अनावश्यक वापर हा निष्कर्ष विंडोज ८ च्या वेळी फसला, आणि तरीही तोच पुढे वापरला गेला.

५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं. त्याचा टास्कबार नव्याने लिहिलेला होता, आणि तो लिहिताना जुन्यातल्या कितीतरी गोष्टी गळल्या. टास्कबार वर किंवा बाजूला नेण्याची सोय गेली. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेण्याची सोय गेली. उघडलेल्या खिडक्यांची नावं दिसेनाशी झाली, नुसती चित्रं उरली. पाच वर्ड फाइली उघडल्या असतील तर त्या एकाच चित्रामागे गोळा. दिवसभर अर्ज, दाखले आणि स्कॅन केलेली कागदपत्रं यांच्यात ये-जा करणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको.

टास्कबार बाजूला का नेता येत नाही, या प्रश्नावर २०२२ मध्ये कंपनीकडून जे उत्तर आलं त्याचा आशय असा होता की तसं करणारे लोक फार थोडे आहेत आणि इतर मागण्या मोठ्या आहेत. आता लॅपटॉपच्या स्क्रीनचा विचार करा. आपल्याकडे अजूनही १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे लॅपटॉप भरपूर आहेत. ही स्क्रीन रुंद आहे, उंची मात्र तोकडी. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल उंच होता, ११ चा ४८. ब्राउझरच्या पट्ट्या, वर्डच्या पट्ट्या आणि खाली हा टास्कबार वजा केला की मजकुराला उरतं काय? अशा स्क्रीनवर टास्कबार डाव्या बाजूला ठेवणारा माणूस हौस करत नसतो, त्याला चार ओळी जास्त दिसत असतात. असे लोक थोडे असतील. पण ज्या सोयीचा बाकीच्यांना काडीचाही त्रास नव्हता, ती थोड्यांसाठी राहिली असती तर बिघडलं काय असतं?

उजव्या क्लिकची गोष्ट याहून बोलकी आहे. जुना मेनू फार लांबला होता हे खरं. प्रत्येक सॉफ्टवेअर आपली एक ओळ त्यात घुसवायचं आणि वीस-पंचवीस ओळींतून हवी ती शोधावी लागायची. तो आवरायला हवाच होता. पण आवरताना कट, कॉपी, पेस्ट, रीनेम, डिलीट या सगळ्यात जास्त लागणाऱ्या गोष्टींची नावं काढून त्यांची बारकी चित्रं केली गेली. शिवाय मेनू स्क्रीनच्या वरच्या भागात उघडला तर चित्रं वर, खालच्या भागात उघडला तर चित्रं खाली, म्हणजे नजरेला ठरावीक जागाही राहिली नाही. फाइली आवळून एकत्र बांधणाऱ्या सेव्हन-झिपसारख्या जुन्या उपयोगी प्रोग्रॅमच्या ओळी ‘शो मोअर ऑप्शन्स’ च्या मागे गेल्या. दर वेळी एक क्लिक जास्त. दिवसाला शंभर फाइली झिप करून पाठवणाऱ्याचे दिवसाला शंभर क्लिक.

पुढे यातलं बरंच दुरुस्त झालं, आणि कसं झालं ते बघण्यासारखं आहे. फाइल ओढून टाकायची सोय सप्टेंबर २०२२ मध्ये परत आली. खिडक्यांची नावं दाखवायचा पर्याय २०२३ च्या अखेरीस आला. उजव्या क्लिकमधल्या चित्रांखाली शब्द आले ते २०२४ च्या आवृत्तीत. म्हणजे लोकांनी केलेल्या तक्रारी रास्त होत्या हे कंपनीनेच कृतीतून मान्य केलं, फक्त त्याला एक ते तीन वर्षं लागली. तेवढा काळ वाया गेलेला वेळ कुणाच्या खात्यावर टाकायचा? कंपनीच्या ताळेबंदात त्याची नोंद नाही. तो ऑपरेटरच्या मनगटात, रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या खोळंब्यात आणि ‘तुम्हाला संगणक जमत नाही’ हे ऐकून घेणाऱ्या पन्नाशीच्या कर्मचाऱ्याच्या मनात जमा होतो. मला या शेवटच्या गोष्टीचा सर्वांत जास्त राग आहे. बदल दुसऱ्याने केला आणि अडाणी ठरला तो ज्याला काल सगळं येत होतं.

लोकांना कुठलाही बदल नकोच असतो, थोडे दिवस कुरकुरतात आणि मग रुळतात, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. इतिहास याला दुजोरा देत नाही. विंडोज ९५ हा आधीच्या ३.१ पेक्षा प्रचंड वेगळा होता आणि लोकांनी तो आनंदाने घेतला. विंडोज ७ चा टास्कबार एक्सपीहून वेगळा होता, तोही पटकन रुळला. विंडोज ११ मध्येही खिडक्या शेजारी शेजारी नीट बसवण्याची जी नवी सोय आली तिच्याबद्दल लोक चांगलंच बोलतात. नव्याने काही मिळतं तेव्हा माणसं शिकायला तयार असतात. चीड येते ती होतं ते काढून घेतलं जातं तेव्हा.

जुनं सांभाळूनही नवं देता येतं याचा उत्तम पुरावा मायक्रोसॉफ्टच्याच घरात आहे. २००७ च्या ऑफिसमध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली. त्या वेळीही ओरड झाली. पण एक्सेलमध्ये जुन्या मेनूची जी कळक्रमवारी होती ती त्यांनी मोडली नाही. ऑल्ट, ई, एस दाबून पेस्ट स्पेशल उघडण्याची २००३ पर्यंतची पद्धत आजही चालते. त्या मेनूचं नावनिशाण स्क्रीनवर नाही, तरी हिशेबनीसाची बोटं तीच वाट धरतात आणि काम होतं. नवशिक्याला रिबन, मुरलेल्याला जुनी वाट. आपल्याकडच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचंही तसंच. नोव्हेंबर २०२० मध्ये ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आलं, स्क्रीनचं रूप बदललं, पण पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, जर्नलला एफ७, सेल्सला एफ८ आणि परचेसला एफ९ या कळा तशाच ठेवल्या. व्हाउचर टाकताना ज्याची नजर बिलावर असते आणि बोटं कीबोर्डवर, त्याच्यासाठी या पाच कळा म्हणजेच टॅली. त्या बदलल्या असत्या तर किती दुकानांचे हिशेब अडले असते!

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना हा फरक फार नेमका माहीत आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, ‘क’ इंग्रजी के च्या कळीवर, ही रचना १९८० च्या दशकात ठरली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. एकदा शिकलेला माणूस कुठल्याही संगणकावर बसून मराठी लिहू शकतो. पण त्या कीबोर्डपर्यंत पोचायचा रस्ता मात्र दर आवृत्तीला हलला. एक्सपीमध्ये आधी भारतीय लिप्यांच्या फाइली टाकण्यासाठी एका चौकटीत टिक करावी लागायची आणि त्यासाठी मूळ सीडी शोधावी लागायची. विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेल, मग रीजन अँड लँग्वेज, मग कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज. विंडोज ११ मध्ये त्याच्याही आत, भाषेच्या नावापुढच्या तीन ठिपक्यांमागे. फाइली आता वेगळ्या टाकाव्या लागत नाहीत आणि २०१९ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच मिळू लागला, या सुधारणा मोलाच्या आहेत. मात्र ‘मराठी कसं सुरू करायचं’ याचा प्रत्येक कागद, प्रत्येक व्हिडिओ, कार्यालयातल्या भिंतीवर चिकटवलेली प्रत्येक सूचना काही वर्षांत खोटी ठरते. इंग्रजीवाल्याला हा त्रास नाही, त्याचा कीबोर्ड आधीपासून सुरूच असतो. मांडणी हलवण्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्यांची भाषा दोन क्लिक आत आहे त्यांच्यावर तो जास्त पडतो.

२००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी संगणक शिकून घेतला. शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं म्हणून कुणी गेलं, कुणी मुलाबाळांसमोर मागे पडू नये म्हणून. त्यातल्या अनेकांनी वहीत पायऱ्या लिहून घेतल्या: स्टार्ट, मग प्रोग्रॅम्स, मग ॲक्सेसरीज. तत्त्व शिकवायला हवं, पायऱ्या नकोत, असं शिक्षणतज्ज्ञ म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण चाळिशीनंतर पहिल्यांदा माउस धरणारी बाई पायऱ्यांवरूनच चढते, आणि तिने पैसे व वेळ देऊन मिळवलेलं कौशल्य हे तिचं आहे. ते परस्पर रद्द करण्याचा अधिकार कुणाला आहे, याचा विचार कंपनीबाहेर व्हायला हवा.

दृष्टिहीन वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर हे आणखी तीव्र होतं. एनव्हीडीएसारखा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर समोरचा मजकूर वाचून दाखवतो आणि ती व्यक्ती कळांच्या क्रमाने पुढे सरकते. तिच्यासाठी मांडणी म्हणजे पाठ केलेला क्रम. डोळस माणूस हलवलेली वस्तू नजर फिरवून शोधतो, तिला मात्र सगळा क्रम ऐकत ऐकत पुन्हा बांधावा लागतो. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. तो निकाल केवायसीच्या अडचणींबद्दल होता. पण सेवेच्या संकेतस्थळापर्यंत जायचं तर आधी संगणकाची मांडणी ओलांडावी लागते, आणि तीच दर काही वर्षांनी बदलत राहिली तर तो हक्क तेवढा लांबतो.

जुनं नको असेल त्याला नवं घेऊ दे, आवडत नाही त्याने जुन्यावर राहावं, असं आज करता का येत नाही? कारण जुन्यावर राहिलं की सुरक्षा जाते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक अधिकृतपणे बाहेर पडले. घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट देऊ केले, त्यासाठी ३० डॉलर मोजा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्ज साठवा, किंवा त्यांचे १,००० रिवॉर्ड पॉइंट खर्च करा. युरोपातल्या ग्राहक संघटनेने यावर बोट ठेवलं, आणि तिथे पैसे किंवा सेटिंग्ज साठवण्याची अट न घालता ते अपडेट देणं कंपनीला मान्य करावं लागलं. भारतात ती सवलत नाही. तीच कंपनी, तेच सॉफ्टवेअर. युरोपात हक्क मागणारी संघटना आणि तो मिळवून देणारा कायदा होता म्हणून तिथे वेगळं वागणं भाग पडलं.

दोन्ही गोष्टी वेगळ्या करणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला एलटीएससी या आवृत्त्यांकडे बोट दाखवावं. एटीएम, रुग्णालयातली उपकरणं, कारखान्यातली यंत्रं यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट विंडोजची अशी आवृत्ती देते जिच्यात वर्षानुवर्षं फक्त सुरक्षेचे अपडेट येतात, रूप हलत नाही. त्यातल्या काहींना दहा वर्षांचा आधार आहे. यंत्र चालू असताना त्याच्यावरचा मेनू हलवणं धोक्याचं आहे हे कंपनीला पुरतं माहीत आहे. मग जे स्थैर्य एटीएमला मिळतं ते एटीएममागच्या बँक कर्मचाऱ्याला आणि घरी संगणक वापरणाऱ्या त्याच्या खातेदाराला का मिळू नये? पूर्वी तशी रीतही होती. २००१ च्या एक्सपीमध्ये नवा स्टार्ट मेनू आला तेव्हा जुना ‘क्लासिक’ मेनू निवडायचा पर्याय शेजारीच ठेवला होता. विस्टामध्येही तो होता. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा तो काढला गेला.

जुना कोड सांभाळायला खर्च येतो, हा आक्षेप मी हलका मानत नाही. दोन मांडण्या म्हणजे चाचण्या दुप्पट, चुका शोधण्याचं काम दुप्पट. पण तो खर्च वाचवला की नाहीसा होत नाही, तो वापरणाऱ्यांमध्ये वाटला जातो. शिवाय जी मांडणी बदलायला हवी म्हणून सांगितलं जातं, तीच जागा कंपनीला इतर कारणांसाठीही हवी असते. एप्रिल २०२४ पासून विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूमध्ये स्टोअरमधल्या ॲपच्या शिफारशी दिसू लागल्या. त्या बंद करता येतात, पण करायच्या वापरणाऱ्याने. विकत घेतलेल्या संगणकाच्या मेनूमध्ये जाहिरातीला जागा करायला खर्च परवडतो, तर जुना मेनू ठेवायलाही परवडायला हवा.

आणि हे एकट्या मायक्रोसॉफ्टचं नाही. ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोनवर काचेसारखी पारदर्शक मांडणी आणली, अक्षरं नीट वाचता येत नाहीत अशा तक्रारी झाल्या आणि पुढच्याच २६.१ आवृत्तीत ती काच कमी पारदर्शक करायचा पर्याय द्यावा लागला. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २०११ साली नोम नावाच्या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी मांडणी मोडली तेव्हाही असाच संताप झाला होता. पण तिथे कोड सगळ्यांसाठी खुला होता, म्हणून नोम २ आवडणाऱ्यांनी त्याचाच मॅटे नावाने संसार पुढे चालवला. विंडोजवाल्याला ती वाट बंद आहे. त्याच्याकडे कोड नाही, तर निदान पर्याय असला पाहिजे.

भारत सरकारला ही गोष्ट कळत नाही असंही नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोजऐवजी उबुंटू या लिनक्सच्या एका रूपावर बेतलेली ‘माया’ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणायचं ठरवलं, तेव्हा तिचं रूप मुद्दाम विंडोजसारखं ठेवलं, म्हणजे कर्मचाऱ्यांना जड जाऊ नये. आतलं सगळं बदललं, वरचं हाताच्या सवयीचं राहिलं. मंत्रालयापासून तहसील कार्यालयापर्यंत आणि ‘आपले सरकार’ च्या सेवा केंद्रांपर्यंत महाराष्ट्र शासनाच्या कामासाठी लागणारे संगणक पाहिले तर राज्य हा फार मोठा ग्राहक आहे. त्याने खरेदीच्या अटींत तीन गोष्टी लिहाव्यात: संगणकाच्या पूर्ण आयुष्यात सुरक्षेचे अपडेट मांडणी न बदलता मिळावेत, काढून टाकलेली प्रत्येक सोय बदलाआधी लेखी कळवावी, आणि मराठी कीबोर्ड पहिल्या दिवसापासून सुरू असलेला मिळावा. मोठ्या ग्राहकाच्या अटी कंपन्या पाळतात, आणि बाहेरून दबाव आला की त्या वागणं बदलतात हे युरोपात दिसलंच आहे. त्याच अटी मग ग्राहक संरक्षणाच्या नियमांत घालून घरगुती वापरणाऱ्यालाही लागू करता येतील, आणि हे काम विंडोजची पुढची आवृत्ती येण्याआधी व्हायला हवं.